बोहनीचा हात

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पुढच्या वेळेपासून औषध घ्यायला सकाळी याल का?" आणि मी क्षणभरही विचार न करता म्हणाले, "सकाळी नाही जमणार."

शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. पेन टेबलावर ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, "का हो? सकाळी काय असतं?"

"दुकान असतं," मी म्हणाले. खरं कारण सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, आणि मला कुणी हसलेलं चालत नाही.

आजाराचं आधी सांगून टाकते. मला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. आयुष्यात कधी सिगरेटला हात लावला नाही, तरी झाला. भेटायला येणारा जो तो विचारायचा, घरात कुणी ओढतं का? मग माझा नवरा मान खाली घालायचा, चोरून ओढत असल्यासारखा. त्या बिचाऱ्याला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये राबला आणि रिटायर झाल्यावर बदलापूर गावातल्या आमच्या घरामागे अळू आणि मिरच्या लावत बसला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या गाठीला इम्युनोथेरपी लागू पडेल असं तपासणीत दिसतंय. पैशाचं कसं जमवलं ते इथे सांगत बसत नाही, ती वेगळीच पोथी आहे. दर तीन आठवड्यांनी अंबरनाथच्या एका छोट्या हॉस्पिटलात जायचं, आरामखुर्चीत बसायचं आणि सलाइनमधून औषध घ्यायचं. हे औषध स्वतः गाठीला मारत नाही. आपल्याच रक्तातल्या पेशी गाठीला घरचीच समजून सोडून देत असतात, त्यांना ते जागं करतं. मग लढायचं काम त्या करतात. मला ही कल्पना फार आवडली होती. माणसं आपलीच, फक्त त्यांना हलवायला कुणीतरी बाहेरचं लागतं.

त्या दिवसापर्यंत मी दुपारची वेळ घेत होते. सकाळी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये दुकान उघडायचं, दोन-चार गिऱ्हाइकं करायची, शटर ओढायचं आणि नवऱ्याच्या स्कूटरवर बसून अंबरनाथला यायचं.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. आपल्या अंगातल्या सगळ्या पेशींना दिवस-रात्रीची चाल असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी दिवसाच्या काही वेळी जास्त तयारीत असतात. काही ठिकाणच्या डॉक्टरांना आपल्या पेशंटांच्या जुन्या नोंदी बघताना असं दिसलं, की हे औषध दिवसाच्या पहिल्या भागात घेणाऱ्यांना जास्त फायदा झाला असावा. "अजून पक्कं नाहीये," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना तसं दिसलेलं नाही. पण आमच्याकडे सकाळच्या खुर्च्या रिकाम्या असतात, तुम्ही जवळ राहता. नुकसान तर काही नाही."

"पण औषध तर आठवडेच्या आठवडे अंगात राहतं म्हणालात ना," मी विचारलं. "मग सकाळी घेतलं काय नि दुपारी घेतलं काय?"

"हाच प्रश्न आम्हालाही पडलाय," त्या हसून म्हणाल्या. मला त्या एकदम आवडल्या. न येणारं उत्तर ठोकून देणारे डॉक्टर मी भरपूर पाहिलेत.

आवडल्या तरी माझं उत्तर नाहीच होतं. त्याचं कारण आमच्या गल्लीत होतं.

कॅम्प दोनच्या त्या गल्लीत माझं फॉल, अस्तर आणि लेसचं दुकान आहे. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच. समोर एका सिंधी दुकानदाराचं बटणं, चेन आणि रिळांचं दुकान. जीन्स शिवणारे सगळे कारखानेवाले त्याच्याकडे येतात. तो मला अदी म्हणतो, सिंधीत बहिणीला म्हणतात तसं, आणि मी त्याला दादा म्हणते. आमच्या गल्लीत बोहनीला फार मान. दिवसाची पहिली विक्री. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, आलेली नोट कपाळाला लावून मग गल्ल्यात टाकायची. आणि बोहनी कुणाच्या हातून होते याला तर त्याहून महत्त्व. कुणाच्या हाताने दिवस धो धो जातो, कुणाच्या हाताने माश्या मारत बसावं लागतं.

माझा हात चांगला. हे मी म्हणत नाही, गल्ली म्हणते. मी दुकान घेतलं त्याच महिन्यात समोरच्या दादाने मला हाक मारून एक रीळ घ्यायला लावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं होतं की या बाईच्या हाताने काल काय धंदा झाला म्हणून सांगू. त्या दिवसापासून मी आधी त्याच्याकडून काहीतरी घेते, हुकांची पुडी, सुया, काहीही. मग बांगडीवाला हाक मारतो, मग कोपऱ्यावरचा पिशव्यांवाला. सगळ्यांची बोहनी करून मग मी माझं शटर उघडते. नवीन दुकान उघडलं की लोक मला बोलावून नेतात. लग्नात करवलीला मिळत नाही एवढा मान मला रोज सकाळी मिळत होता, वर्षानुवर्षं. तो एका सलाइनसाठी सोडायचा?

आणि अजून एक गोष्ट होती, ती मी कुणाला बोलले नव्हते. आजारी माणसाच्या हाताला कोण चांगला हात म्हणणार? एक सकाळ चुकवली की गल्ली दुसरा हात शोधेल. मग मी समोरून गेले की लोक नुसतं विचारतील, तब्येत कशी आहे? मला त्या प्रश्नाची मरणापेक्षा जास्त भीती वाटत होती. मरणाची वाटत होतीच, ती नव्हती असं खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर नवऱ्याने अबोला धरला. त्याचा अबोला म्हणजे भांडी जोरात आपटणं. पोहे केले, माझ्यापुढे बशी आपटली, आणि शेवटी न राहवून बोलला.

"शरीराला घड्याळ असतं हे मला डॉक्टरने सांगायला पाहिजे का गं? मी तिसरी शिफ्ट केलीय. दुपारी झोपायचो, पण झोप कधी अंगी लागली नाही. जेवणाला चव नसायची. पहिल्या शिफ्टला गेलो की माणूस असायचो."

"ती तुमची शिफ्ट. ही माझी," मी म्हणाले.

"अगं, जीव महत्त्वाचा की हुकांची पुडी?"

"पक्कं नाहीये म्हणाल्या त्या. तुम्ही पण ऐकलंत."

तो उठून मिरच्यांना पाणी घालायला गेला. मला वाटलं, विषय संपला. तो संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी, मी दुकानात अस्तर फाडत असताना, तो कधी नव्हे तो समोरच्या दुकानात जाऊन बसला. दोघं बराच वेळ कुजबुजत होते. दादाचा चेहरा मला इकडून दिसत होता. तो पांढराफटक पडला होता. गिऱ्हाईक चेन मागत होतं आणि तो बटणं काढून देत होता.

संध्याकाळी दादा रस्ता ओलांडून माझ्या पायरीवर आला.

"अदी, तुम्ही दवाखान्यात सकाळचं नाय बोललात?"

"नवऱ्याने चुगली केली वाटतं."

"बोहनीच्या साठी नाय बोललात?"

"तुमच्याच बोहनीसाठी," मी जरा तोऱ्यात म्हणाले.

तो पायरीवर बसला. खिशातून रुमाल काढून मान पुसली. मग एकदम उजेड पडल्यासारखा वर बघून म्हणाला, "अरे, पण मग तुम्ही बरोबर समजलाच नाय. डॉक्टर काय बोलली? सकाळी या. का बोलली? बोहनी, अदी! दवाई पण मालच आहे ना. दुपारी तुम्ही जाता तेव्हा कोणाकोणाचा हात लागलेला असतो त्याला. पयला नंबर तुमचा लागला पायजे. तुमचा हात, तुमचीच बोहनी, आणि तुमच्याच अंगात. सोचो जरा."

तुम्ही हसाल, पण मला ते पटलं. डॉक्टरीणबाईंच्या पेशी आणि त्यांची चाल जे करू शकल्या नाहीत, ते या माणसाने एका वाक्यात केलं. सगळ्या गल्लीची बोहनी मी करते आणि स्वतःची मात्र शिळ्या दुपारी? मला माझीच लाज वाटली.

"आणि तुमचं काय?" मी विचारलं.

"आम्ही थांबतो ना. तीन हप्त्यात एकदा दुपारी बोहनी केली तर काय दुकान बुडतंय काय?"

पुढच्या डोसला नवऱ्याने मला पहाटे उठवलं. 'पयला नंबर' ही गोष्ट त्यानेही मनावर घेतली होती, कारखान्यात पंचिंग करायला जायचा त्याच निष्ठेने. बदलापूरहून निघालो तेव्हा रस्त्यावर दूधवाले आणि आम्ही. हॉस्पिटलचा वॉचमन दात घासत होता. आम्ही आत गेलो तर बाकावर एक म्हातारी आधीच बसलेली. नऊवारी नेसलेली, मांडीवर डबा, पायाजवळ पिशवीत भाजी. बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या पलीकडच्या गावातली होती. शेती अजून थोडी आहे, बाकीच्यावर टॉवर उभे राहिलेत, हे सगळं तिने न विचारता सांगितलं. तिलाही तेच औषध चालू होतं आणि तिलाही सकाळी यायला सांगितलं होतं.

माझ्या नवऱ्याचं तोंड पडलं. मग तो माझ्या देखत त्या म्हातारीपुढे उकिडवा बसून वाटाघाटी करू लागला. "मावशी, एक विनंती होती. आमचा पहिला नंबर लागणं फार गरजेचं आहे."

"का रं बाबा? तिला जास्त हाय का?"

"नाही. बोहनीचं आहे."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. तेवढ्यात सिस्टर आल्या, त्यांनी अर्धं ऐकलं होतं, आणि नवऱ्याने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. सिस्टर भिंतीला टेकून हसल्या.

"अहो काका, डॉक्टर सकाळी या म्हणाल्या. पहिल्या या असं नाही म्हणाल्या. पहिला काय, चौथा काय, सकाळ सगळ्यांची सारखीच असते. आणि प्रत्येकाचं औषध वेगळं बनवतात, एका भांड्यातलं वाढत नाही आम्ही."

"बगा," म्हातारी म्हणाली. मग मला म्हणाली, "जा गो बाय, तू पयली जा. मना काय गारी पकरायची नाय. मी कोंबरा आरवायच्या आदी उठलेली हाय, माजी सकाल कवाच झाली."

मी म्हणाले, नाही, तुम्हीच आधी. ती म्हणाली, तू जा. शेवटी सिस्टरांनी आम्हा दोघींना शेजारशेजारच्या खुर्च्यांत एकदमच बसवलं. तिने डबा उघडून मला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली. हाताला सुई, दुसऱ्या हातात भाकरी. इतक्या सकाळी मी कधी बोंबील खाल्ले नव्हते. फार छान लागले. खिडकीतून कोवळं ऊन तिच्या पायांवर येत होतं आणि ती सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. दुपारच्या वेळी त्या खोलीत सगळे पेंगत असायचे, पंख्याकडे बघत असायचे. सकाळी माणसं बोलत होती.

तिथून कॅम्प दोनला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गल्लीच्या तोंडाशीच नवऱ्याने स्कूटर थांबवली. दादाने शटर अर्धं खाली ओढून ठेवलं होतं आणि बाहेर स्टुलावर बसून येणाऱ्या गिऱ्हाइकांना चहा पाजत होता. बांगडीवाला त्याच्या दुकानाबाहेर उभा. पिशव्यांवाला उभा. ते खरंच थांबतील असं मी धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, म्हणायचं म्हणून म्हणाले असतील.

"लागला का पयला नंबर?" दादाने विचारलं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे. "लागला," आम्ही दोघंही म्हणालो.

त्यानंतर दर वेळी तसंच होत गेलं. त्या सकाळींची मी वाट बघू लागले, हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटेल. सोनिवलीकडच्या मावशी आणि मी एकाच दिवशीची वेळ मागून घ्यायचो. मी तिच्या चोळीसाठी अस्तर न्यायचे, ती भेंडी, कारली आणायची. औषधापायी अंगाला खाज सुटायची, थकवा यायचा, थायरॉईडची एक गोळी मागे लागली. पण खोकला कमी झाला. आधी जिना चढताना दोनदा टेकायचे, आता वर जाऊन नवऱ्याला हाक मारायचे की किती वेळ लावता.

मग स्कॅनचा दिवस आला. त्याचा रिपोर्ट सांगायला डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. औषध चालत असेल तर पुढे न्यायचं, नसेल तर दुसरं काही बघायचं, आणि दुसरं फारसं काही नाही हे मला माहीत होतं. वाटेत नवऱ्याकडे भांडी नव्हती म्हणून त्याने ती आपटली नाहीत, एवढंच.

"गाठ बरीच लहान झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवीन कुठे काही नाही. मला फार आनंद होतोय."

मी विचारलं, "सकाळमुळे का?"

"ते तुमच्या एकटीवरून नाही सांगता येणार. औषध लागू पडलंय हे नक्की. सकाळने मदत केली असेल, नसेलही. कळेल पुढे. पण सकाळ सोडू नका."

नवरा बाहेर येऊन स्कूटरवर बसला आणि किल्ली शोधू लागला. किल्ली त्याच्या हातातच होती. मग तो रडायला लागला, रस्त्यात, सगळ्यांसमोर, आणि मी त्याला रागावत होते की लोक बघताहेत, आणि माझेही डोळे वाहत होते. मी इतकी खूश कधीच झाले नव्हते. लग्नात नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही, कारण तेव्हा दुखत फार होतं.

गल्लीत बातमी आमच्या आधी पोचली होती, नवऱ्याने फोन केला होता. बांगडीवाल्याने पेढे आणले होते. गडबड जरा ओसरल्यावर दादा मला म्हणाला, "अदी, जरा आत या." मी आत गेले. त्याने मला त्याच्या गादीवर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

"एक बात आहे. आता बोलतो, आधी हिंमत नाय झाली."

"बोला की."

"तुमचा हात चांगला-बिंगला काय नाय."

मी उठायला लागले, तर त्याने हातानेच मला बसायला सांगितलं आणि पुढे बोलू लागला.

"तुम्ही नवीन होता. एक गिऱ्हाईक येत नव्हता. मी रोज बघायचो, तुम्ही लेस गुंडाळता, परत उलगडता, परत गुंडाळता. एक दिवस सकाळीच तुम्ही पेटी बांधायला लागल्या, मी समजलो, ही उद्या नाय येणार. म्हणून बोहनी करायला बोलावलं. त्या दिवशी माझा पूरा दिवस काय धंदा नाय झाला, अदी. तुमच्यानंतर दुसरा रीळ पण नाय विकला. दुसऱ्या दिवशी मी झूठ बोललो."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी ऐकलं, मानलं. मग मला सवय झाली. तुमच्या हाताने कधी चांगला जातो, कधी मार खातो. सगळ्यांच्या हाताने तसंच." त्याने काउंटरवरची बटणं डब्यात टाकली. "मग तुमचे मिस्टर आले, बोलले, बोहनीसाठी दवाई सकाळी नाय घेत. माझं डोकं फिरलं. मी बोललो, मेलो, माझ्या झूठने ही बाई जाणार. खरं सांगितलं तर तुमचं मन तुटणार. मग दुसरं झूठ लावलं. पयल्या नंबरचं."

एवढी वर्षं मी ज्या मानाने चालत होते, तो एका माणसाने मला दुकान बंद करू नये म्हणून बनवून दिला होता. आणि त्याच मानापायी मी सकाळ नाकारली तेव्हा त्याने तो मोडला नाही, त्याच्यावर अजून एक मजला चढवला. बाहेर बांगडीवाला कुणाला तरी मोठमोठ्याने सांगत होता की अदीचा हातच तसा आहे, कॅन्सरसुद्धा मागे हटला.

"राग आला?" दादाने विचारलं.

"आला. खूप आला," मी म्हणाले. मग त्याचे दोन्ही हात धरले आणि रडले. आधी डोळे पुसले, मग त्याला दटावलं, "हे आता गल्लीत दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. मला अजून पुष्कळ वर्षं इथे यायचंय."